तज्ज्ञांचा सल्ला आणि शासकीय समित्या

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे गाव मुंबई–आग्रा महामार्ग आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग जेथे एकमेकांस छेदतात तेथे वसलेले आहे. महामार्गाने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात तापीचा पूल लागतो आणि पलीकडे शिरपूर तालुका सुरू होतो. दोन्ही काठांवर पाऊस बेताचा आणि दोन्ही काठांवर कापूस हे मुख्य पीक. गेल्या दोन दशकांत मात्र पलीकडच्या काठाचे नाव राज्यभर पोहोचले. २००४ पासून शिरपूर तालुक्यात निवृत्त भूवैज्ञानिक श्री. सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली व श्री. अमरिशभाई पटेल यांच्या पुढाकाराने नाले रुंद आणि खोल करण्यात आले, त्यांवर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे बांधण्यात आले, आणि आटलेल्या विहिरींना पुन्हा पाणी लागल्याचे शेतकरी सांगू लागले. ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. ठिकठिकाणचे सरपंच, अधिकारी आणि अभ्यासक ते काम पाहण्यासाठी येऊ लागले.

जे पलीकडे झाले ते अलीकडे का होऊ नये, हा प्रश्न शिंदखेडा तालुक्यातील गावांना पडावा यात नवल नाही. नाला तोच, यंत्रे तीच, बंधारा बांधणारे हातही तेच. परंतु या प्रश्नाचे उत्तर यंत्रांच्या तासांत अथवा सिमेंटच्या पोत्यांत मिळत नाही. ते खडकाच्या थरांत दडलेले असते आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी शासनाला जाणकारांचा आधार घ्यावा लागतो. असे जाणकार शासनाच्या सेवेत काही असतात, बरेचसे सेवेबाहेर असतात. बाहेरच्या जाणकारांचे मत शासकीय समित्या कोणत्या मार्गांनी मिळवितात आणि ते मत गावापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, हा विषय वरवर रूक्ष वाटला तरी त्यावर गावाच्या विहिरीतील पाणी अवलंबून असते.

नदीचे दोन काठ

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, नदीनाल्यांनी युगानुयुगे वाहून आणलेल्या गाळाचे जाड थर आहेत. त्यांत वाळू आहे, रेती आहे, मधूनमधून चिकणमातीचे पट्टे आहेत. वरचा चिकणमातीचा थर पाणी अडवून धरतो, खाली उतरू देत नाही. तो कापून नाला वाळूच्या थरापर्यंत नेला तर पावसाचे पाणी खाली मुरते. शिरपूरच्या कामामागील मूळ विचार हा आहे, आणि त्या भूमीपुरता तो सयुक्तिक आहे.

दक्षिणेकडे सरकावे तसा काळा पाषाण वर येतो. येथील विहीर खोदणाऱ्या माणसाला तो तोंडपाठ असतो: आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग घणाला दाद न देणारा कातळ. पाणी असते ते मुरमात, सच्छिद्र मांजऱ्यात आणि कातळाच्या भेगांत. केंद्र शासनाच्या पुढाकाराने नेमलेल्या भूजल अंदाज समितीने १९९७ साली जी प्रमाणके सुचविली त्यांनुसार, पाण्याने भरलेल्या वालुकामय गाळाच्या १०० घनमीटरांतून सुमारे १६ घनमीटर पाणी निथळून मिळते, तर झिजलेल्या अथवा सच्छिद्र बेसाल्टच्या तितक्याच आकारमानातून अवघे २ घनमीटर. म्हणजे आठपटींचे अंतर. याखेरीज धुळे–नंदुरबार पट्ट्यात जमिनीखालून ढोबळमानाने पूर्व–पश्चिम गेलेल्या उभ्या कातळभिंती मोठ्या संख्येने आहेत. एखादी भिंत पाणी अडविते, एखादी भेगाळलेली असल्यास ते वाहून नेते. नाला अशा भिंतीच्या वरच्या अंगास खोल केला तर लाभ एका शेताचा होतो, खालच्या अंगास केला तर दुसऱ्याचाच. आणि कठीण कातळात खोल केलेला नाला पाणी मुरविण्याऐवजी शेजारच्या विहिरींतील पाणी आपल्याकडे ओढूनही घेऊ शकतो. मग उन्हाळ्यात ते उघड्यावर वाफ होऊन जाते.

यावरून शिरपूरचे काम चुकीचे होते असा अर्थ कोणी काढू नये. त्या कामाला एक अट होती आणि ती अट तेथील भूगर्भाने पूर्ण केली होती, एवढेच. तज्ज्ञाचा सल्ला जवळजवळ नेहमीच असा अटीसह येतो. बाहेरून सल्ला मिळविण्याच्या सर्व रीतींचे मोल ठरवायचे ते याच कसोटीवर: अट विचारली गेली काय, लिहिली गेली काय, आणि शेवटपर्यंत टिकली काय.

सल्ला मिळविण्याच्या रीती

समितीत बाहेरचा तज्ज्ञ येतो तो बहुधा सदस्य म्हणून किंवा निमंत्रित म्हणून. सदस्याला अहवालावर सही करावी लागते. निमंत्रिताचे मत ऐकून घेतले जाते, पण सही त्याची नसते. हा भेद कार्यालयीन वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण सही करणाऱ्याला असहमती नोंदविण्याचा अधिकार असतो. काही समित्या एखाद्या उपविषयासाठी कार्यगट नेमतात, काही विद्यापीठांकडून वा संशोधन संस्थांकडून निबंध लिहवून घेतात, काही प्रश्नावली पाठवितात, साक्षी घेतात, जागेवर जाऊन पाहणी करतात, काही जाहीर सूचना काढून सर्वांनाच मते कळविण्यास सांगतात. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाने २०१० ते २०११ या काळात यांपैकी बहुतेक सर्व मार्ग वापरले. ४२ निबंध लिहवून घेतले, लोकसंघटनांशी ४० बैठका केल्या, १४ ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली. त्या गटाच्या शिफारशींवर पुढे तीव्र मतभेद झाले हे सर्वश्रुत आहे. परंतु माहिती कोठून आणली, हे अहवालातच नमूद असल्याने वाद घालणाऱ्यासही कशावर बोट ठेवायचे ते ठाऊक होते.

या सर्व रीतींहून अधिक परिणाम करते ती समितीची कार्यकक्षा, म्हणजे तिला विचारलेला प्रश्न. ‘शिरपूर पद्धत यशस्वी झाली काय?’ असे विचारले तर समिती शिरपूरला जाईल, भरलेले बंधारे पाहील आणि होय म्हणेल. ‘शिंदखेडा तालुक्यातील कोणत्या नाल्यावर, कोणत्या खडकात, किती खोलीपर्यंत काम करावे आणि कोठे मुळीच करू नये?’ असे विचारले तर त्याच समितीला भूजलशास्त्रज्ञ लागेल, मृदातज्ज्ञ लागेल, वाढलेले पाणी कोणत्या पिकाला आणि कोणाच्या शेताला जाणार हे सांगणारा अर्थशास्त्रज्ञ लागेल. प्रश्न बदलला की जाणकार बदलतो. कार्यकक्षेचा मसुदा मंत्रालयात एखादा कक्ष अधिकारी लिहितो तेव्हा तो जवळजवळ अर्धे उत्तरही लिहीत असतो.

गळून गेलेल्या अटी

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९८६ साली गायींच्या मेंदूचा एक नवा रोग आढळला. हे मांस माणसाने खाल्ले तर काय, हे पाहण्यासाठी शासनाने १९८८ साली ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ सर रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखाली चार जणांचा गट नेमला. चौघेही आपापल्या क्षेत्रांत मान्यवर, परंतु या विशिष्ट रोगवर्गावर संशोधन करणारा त्यांच्यात कोणी नव्हता. १९८९ च्या फेब्रुवारीत आलेल्या अहवालाने माणसाला धोका असण्याची शक्यता फार कमी मानली, आणि त्याचबरोबर बजावले की हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. पुढील वर्षांत पहिले वाक्य वारंवार उद्धृत झाले, दुसरे मागे पडले. २० मार्च १९९६ रोजी मानवी रोगाशी संबंध असल्याचे शासनाला संसदेत मान्य करावे लागले. त्या देशात या रोगाने पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर तेथील वैज्ञानिक सल्लागार समित्यांसाठी आचारसंहिता करण्यात आली: सदस्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत, अनिश्चितता स्पष्ट शब्दांत लिहावी, मतभेद झाकू नयेत.

इतके दूर जाण्याची तशी गरज नाही. खानदेशातील कापूस उत्पादकाने हाच धडा स्वतःच्या शेतात गिरविला आहे. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी दिली ती अटींसह. शेताच्या कडेने बिगरबीटी कापसाच्या किमान पाच ओळी, अथवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के लागवड, यांपैकी जे अधिक असेल ते करावे, म्हणजे अळीला बीटीची सवय जडण्यास विलंब लागेल, असे कीटकशास्त्रज्ञांचे सांगणे होते. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची लहान पिशवी मिळत असे. ती किती शेतांत पेरली गेली आणि किती बांधावर पडून राहिली हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. अट शास्त्रीय होती, पण ती पाळणे लहान शेतकऱ्यास परवडेल काय, ती त्याच्या भाषेत त्याला कोण समजावील, याचा विचार कोणी पुरेसा केला नाही. ते सांगू शकणारा कृषी सहायक अथवा अनुभवी शेतकरी समितीपुढे साक्षीला असता तर अट कदाचित वेगळ्या स्वरूपात घातली गेली असती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कापसाची जी दशा केली तिची कारणे एकाहून अधिक आहेत, परंतु न पाळलेली ही अट त्यांपैकी एक होय.

वांग्याच्या बाबतीत गोष्ट निराळ्या वळणाने गेली. १४ ऑक्टोबर २००९ रोजी त्याच मान्यता समितीने, एका तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे, बीटी वांग्यास अनुकूल कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मान्यता समितीच्या कामासाठी नेमलेले ज्येष्ठ जीवशास्त्रज्ञ डॉ. पुष्पमित्र भार्गव यांनी असहमती दर्शविली. तज्ज्ञ समितीत अशा पिकांच्या विकासाशी संबंध असलेली मंडळी आहेत अशी टीका झाली. तेव्हा पर्यावरण मंत्री श्री. जयराम रमेश यांनी अहवाल सर्वांसाठी खुला केला, देशातील व परदेशांतील शास्त्रज्ञांना आणि राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहिली, आणि २०१० च्या जानेवारी–फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांपैकी एक नागपूरला होती. सभांतून सुमारे ८ हजार लोक सहभागी झाले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याला स्थगिती देण्यात आली आणि आलेली पत्रेही निर्णयासोबत प्रसिद्ध करण्यात आली. भरताच्या वांग्याचा अभिमान बाळगणाऱ्या जळगाव–धुळ्याकडील वाचकांना या निर्णयाचे कौतुक वाटले असेल. काही शास्त्रज्ञांना तो गर्दीपुढे शास्त्राने घेतलेली माघार वाटला. दोन्ही पक्ष आजही आपापल्या मतावर ठाम आहेत. सभेत मोठ्याने बोलणाऱ्याचे मत तज्ज्ञाच्या मताइतके वजनदार ठरते काय, ही शंकाही रास्त आहे. परंतु कोणी काय सांगितले हे कागदावर राहिले, आणि पुढच्या समितीला तेथून आरंभ करता आला, हा लाभ लहान नव्हे.

याच प्रकरणाचे एक उपकथानक मात्र मान खाली घालावयास लावणारे आहे. मंत्रिमहोदयांनी देशातील सहा विज्ञान अकादमींकडून एकत्रित मत मागविले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये अहवाल आला, तेव्हा त्यातील काही मजकूर एका नियतकालिकातील लेखातून जसाच्या तसा उचललेला असल्याचे उघडकीस आले, आणि त्या लेखाचे कर्ते स्वतः अशाच पिकाच्या निर्मितीत गुंतलेले संशोधक होते. अहवाल दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला. संस्थेचे नाव मोठे असले की तिचे मत स्वतंत्रच असणार असे गृहीत धरण्याची सवय शासनाला असते. ती सवय येथे उघडी पडली.

नाला खोलीकरणाचा मार्ग

आता पुन्हा तापीकाठाकडे. शिरपूरचा बोलबाला झाल्यावर राज्यात इतरत्रही नाले खोल करण्याची चढाओढ लागली. भूजलशास्त्रज्ञांनी शंका काढल्या. २०१३ साली शासनाने खोलीकरणाच्या कामांसाठी मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. २०१४ च्या डिसेंबरमध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. या अभियानातील कामे शास्त्रीय रीतीने होत नाहीत अशी तक्रार प्रा. एच. एम. देसरडा यांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात नेली, आणि माजी मुख्य सचिव श्री. जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० साली विधिमंडळात ठेवण्यात आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने असा निष्कर्ष काढला की, ९ हजार ६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढविण्यावर अभियानाचा परिणाम अल्प राहिला. त्या निष्कर्षावरही वाद झाले. पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: आधी काम, मग शंका, मग सूचना, मग आणखी मोठे काम, मग न्यायालय, मग लेखापरीक्षण. बाहेरच्या जाणकारांचे मत या क्रमात अनेकदा आले, पण ते आले बहुतेक वेळा खर्च होऊन गेल्यानंतर.

यात सर्व दोष शासनाचा नाही. मार्गदर्शक सूचनांतील अटी तालुका पातळीवर पोहोचतात तेव्हा तेथे भूवैज्ञानिक सहसा नसतो. असतात ते कामाचे उद्दिष्ट, मार्चअखेर आणि नाल्याच्या काठी उभे असलेले यंत्र. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरी सुमारे चार हजार आहेत आणि त्यांची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. राज्यातील गावांची संख्या चाळीस हजारांच्या घरात आहे. म्हणजे एका निरीक्षण विहिरीच्या भरवशावर सरासरी दहा गावांचा अंदाज बांधला जातो. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात एका बांधापलीकडे परिस्थिती पालटते, तेथे हा अंदाज ढोबळच राहणार.

पदवी नसलेले जाणकार

म्हणूनच बाहेरचा तज्ज्ञ म्हणजे केवळ विद्यापीठातील प्राध्यापक, ही व्याख्या अपुरी पडते. याच जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीचे सिंचन कित्येक पिढ्या चालत आले. पाणी वाटणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, देखरेख करणारा हवालदार, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे मिळून ठरविणारे शेतकरी, अशी ती व्यवस्था. टंचाईच्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवावा हे पाटकऱ्याला जितके कळते तितके एखाद्या अभियंत्याला वर्षभराच्या अभ्यासानेही कळेलच असे नाही. त्याला समितीपुढे बोलावणे हा उपचार नसून माहिती मिळविण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे. अर्थात पाटकऱ्याचे म्हणणेही तपासूनच घ्यावयाचे असते, जसे प्राध्यापकाचे.

पंचायतीला स्वतःहून मत देण्याचाही मार्ग कायद्याने खुला आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा असून तो २०१४ च्या जूनमध्ये अंमलात आला. त्याखालील नियमांचा मसुदा २०१८ साली राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्यात आल्या होत्या. अशा वेळी ‘आमचा विरोध आहे’ एवढे लिहिणारे पत्र नस्तीत जाते. ‘आमच्या गावात अमुक इतक्या विहिरींना अमुक खोलीवर कातळ लागला असून मे महिन्यात त्यांतील इतक्या कोरड्या असतात’ असे लिहिणारे पत्र समितीला बाजूस सारता येत नाही, कारण तशी माहिती तिच्याजवळ नसते.

नरडाणा परिसरात अशी माहिती गोळा करण्यास फारसा खर्च नाही. शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवून रोज ठरावीक वेळी शिक्षकांच्या देखरेखीखाली नोंद घेता येते. गावातील पाचदहा विहिरी निवडून पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा दोरीने पाणी मोजता येते. एखाद्या नाल्याचे काम झालेच तर त्याच्या वरच्या व खालच्या अंगाच्या विहिरी वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि काम न झालेल्या शेजारच्या नाल्याकाठच्याही दोन घ्याव्यात. नाहीतर चांगल्या पावसाचे श्रेय बंधाऱ्याला आणि कमी पावसाचा दोष समितीला जातो. विहिरी खोदणाऱ्या जुन्या माणसांना विचारून कोणत्या शेतात किती हातांवर मुरूम संपला, मांजऱ्या कोठे लागला, उभी कातळभिंत कोणत्या बांधाखालून गेली आहे, हे गावनकाशाच्या प्रतीवर उतरवून घ्यावे. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी आणि एक जिल्ह्याच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे जावी.